चित्र आणि नोंद : मद्यव्यापारातील समाजप्रतिमा आणि मावळ

१. विषयाची मांडणी

एखाद्या लोकसमूहाविषयी इतरांच्या मनात जी ठरीव प्रतिमा रुजते ती बहुधा लोकवार्तेचा, किंवा फार तर साहित्यसमीक्षेचा विषय मानली जाते. म्हणी, सोंगे, नकला आणि व्यंगचित्रे यांतून ती भेटत असल्यामुळे तिची गणना करमणुकीत होते. परंतु अशी प्रतिमा विक्रीच्या मालाला चिकटते, आणि विशेषतः तो माल मद्य असतो, तेव्हा तिच्यामागे मक्ता, कर, कायदा आणि नफा यांची एक साखळी उभी असलेली दिसून येते. अशा वेळी तो विषय करमणुकीचा राहत नाही. आर्थिक आणि प्रशासकीय इतिहासाच्या कक्षेत तो आपोआप येतो.

या संदर्भात जगभर दिले जाणारे उदाहरण आयरिश लोकांचे होय. आयरिश म्हटला की तो आनंदी, भांडखोर, गाणारा आणि मद्यपी असावयाचाच, अशी समजूत प्रथम इंग्लंडात आणि मग अमेरिकेत दृढ झाली. पुढे त्याच समजुतीवर बिअरची विक्री वाढविण्यात आली. ज्या गोष्टीवरून एका समाजाची अवहेलना झाली तीच गोष्ट त्या समाजाच्या नावाने विकावयाचा माल ठरली.

पुणे जिल्ह्यातील मावळ तालुका आणि लोणावळा-खंडाळ्याचा परिसर यांचा इतिहास पाहिला असता याच प्रक्रियेचे एक वेगळे रूप तेथे आढळते. एकाच डोंगराळ मुलखातील लोकांच्या दोन प्रतिमा इंग्रजी अमदानीत घडल्या. एक मावळ्याची : काटक, साधा, इमानी, शूर. दुसरी कातकऱ्याची : भटका, आळशी, दारूच्या आहारी गेलेला. पहिली प्रतिमा चित्रात उतरली आणि मालावर छापली गेली. दुसरी मालावर कधीच छापली गेली नाही. ती सरकारी दप्तरात नोंद म्हणून राहिली. आयर्लंडच्या बाबतीत चित्र आणि नोंद ही दोन्ही एकाच समाजाच्या वाट्याला आली. मावळात त्यांची वाटणी झाली. या वाटणीचे परिणाम काय झाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२. आयरिश उदाहरण

एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडात आयरिश मनुष्याची प्रतिमा रंगविण्यात 'पंच' या साप्ताहिकाचा मोठा वाटा होता. जॉन टेनियल याच्या व्यंगचित्रांतील बंडखोर आयरिश मनुष्य माणसापेक्षा माकडालाच अधिक जवळचा दिसतो. अमेरिकेत टॉमस नास्ट याने 'हार्पर्स वीकली' या पत्रात १८७१ मध्ये काढलेल्या एका प्रसिद्ध चित्रात असाच आयरिश मनुष्य दारूगोळ्याच्या पिंपावर बसलेला असून त्याच्या हातात मद्याची बाटली आहे. राजकीय असंतोष आणि मद्यपान यांची ही सांगड हेतुपूर्वक घातलेली होती. मागणी करणारा मनुष्य झिंगलेला आहे असे एकदा ठरले की त्याच्या मागणीचा विचार करण्याचे प्रयोजन उरत नाही.

या प्रतिमेला छेद देणाऱ्या घटना आयर्लंडातच घडत होत्या. फादर थिओबाल्ड मॅथ्यू या धर्मगुरूने १८३८ मध्ये कॉर्क शहरात मद्यत्यागाची चळवळ सुरू केली, आणि थोड्याच वर्षांत लक्षावधी लोकांनी मद्य न पिण्याची शपथ घेतली. एवढी मोठी चळवळ झालेल्या देशाची ओळख मद्यपींचा देश म्हणूनच राहावी, यावरून ठरीव प्रतिमेला पुराव्याची गरज नसते हे स्पष्ट होते. ती गरजेतून जन्मते आणि गरज असेपर्यंत टिकते.

ती गरज मजुरीच्या व्यवहारातही होती. इंग्लंडातील रेल्वेमार्ग बांधणाऱ्या मजुरांत आयरिश लोकांची संख्या बरीच होती आणि हे मजूर दारूडे म्हणून बदनाम होते. परंतु ब्रिटिश पार्लमेंटच्या एका समितीने १८४६ मध्ये रेल्वे-मजुरांच्या स्थितीची जी चौकशी केली तीतून निराळीच गोष्ट पुढे आली. मजुरी आठवड्याने नव्हे तर कित्येकदा महिन्याने मिळे. तोपर्यंत ठेकेदाराच्याच दुकानातून उधारीवर अन्न आणि बिअर घ्यावी लागे. मजुराचे पिणे हा काही अंशी ठेकेदाराच्या हिशेबाचाच भाग होता. बदनामी मात्र मजुराच्या जातिस्वभावाची झाली.

बिअरच्या व्यापाराने या प्रतिमेचा उपयोग लगेच केला नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आर्थर गिनेस याने १७५९ मध्ये डब्लिन येथील मद्यशाळा वर्षाला ४५ पौंड भाड्याने नऊ हजार वर्षांच्या करारावर घेतली. १८६२ पासून गिनेसच्या लेबलावर आयर्लंडची प्राचीन वीणा छापली जाऊ लागली आणि १८७६ मध्ये ती व्यापारी चिन्ह म्हणून नोंदविण्यात आली. १९२२ मध्ये स्वतंत्र आयरिश राज्याने तीच वीणा राजचिन्ह म्हणून स्वीकारली तेव्हा तिचे तोंड गिनेसच्या वीणेच्या उलट दिशेला ठेवण्यात आले. राष्ट्राच्या चिन्हाआधी मद्यशाळेच्या चिन्हाची नोंद झालेली होती. तथापि या कंपनीच्या १९३० नंतरच्या गाजलेल्या जाहिरातींत आयरिश मनुष्य नाही. जॉन गिलरॉय या इंग्रज चित्रकाराने काढलेले टूकन पक्षी आणि प्राणिसंग्रहालयातील जनावरे आहेत.

आयरिश माणूस बाजारात आला तो प्रामुख्याने अमेरिकेत आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. सेंट पॅट्रिकचा धार्मिक सण तेथे हिरव्या टोप्या, लोककथेतील बुटके 'लेप्रेकॉन' आणि हिरव्या रंगाची बिअर यांचा उत्सव बनला. एनिसकॉर्थी या आयरिश गावातील लेट घराण्याची मद्यशाळा १९५६ मध्ये बंद पडली. परंतु त्या घराण्यातील किलियन या नावाची तांबडी 'आयरिश' बिअर १९८१ पासून कूर्स या अमेरिकन कंपनीने बाजारात आणली. मूळ मद्यशाळा नाहीशी झाली आणि आयरिशपणा तेवढा विक्रीस उरला. १९९० नंतर ठरावीक नमुन्याची 'आयरिश' मद्यगृहे जगभर उभारली गेली तीही याच न्यायाने. खुद्द आयर्लंडात मात्र या व्यापाराविषयी नाराजी वाढत गेली. गिनेसने २००९ मध्ये सुरू केलेला 'आर्थरचा दिवस' हा उत्सव मद्यपानाला उत्तेजन देतो अशी टीका होऊन २०१३ नंतर बंद झाला, आणि २०१८ मध्ये मद्याच्या जाहिरातीवर निर्बंध घालणारा कायदा तेथे संमत झाला. हे शक्य झाले याचे कारण उघड आहे. ज्यांची प्रतिमा होती त्यांच्यापाशी तोवर स्वतःचे राज्य, विधिमंडळ आणि वृत्तपत्रे होती.

३. मावळा : चित्राचा मार्ग

सूर्य मावळतो ती दिशा ते मावळ, अशी या नावाची व्युत्पत्ती सामान्यतः सांगितली जाते. पुण्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या कुशीत जी नद्यांची खोरी आहेत ती मावळे होत. आजच्या मावळ तालुक्यात आंद्रा नदीचे आंदर मावळ, इंद्रायणीचे नाणे मावळ आणि पवनेचे पवन मावळ यांचा समावेश होतो. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना आणि राजमाची हे किल्ले याच मुलखात आहेत. शिवकालातील पायदळाचा मोठा भाग अशा खोऱ्यांतून आला, म्हणून 'मावळा' हा शब्द स्थलवाचक न राहता गुणवाचक झाला.

इंग्रजी ग्रंथांत मावळ्याचे वर्णन ठळकपणे आले ते कॅप्टन ग्रँट डफ याच्या १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासात. त्याच्या मते मावळे लोक दिसावयास गावंढळ आणि मंदबुद्धी, परंतु सवयीच्या कामात चपळ, हुशार आणि विश्वासाला अत्यंत पात्र होते. हे वर्णन स्तुतिपर आहे असे मानण्याचा प्रघात असला तरी त्याची ठेवण तपासण्यासारखी आहे. बाह्यतः बावळट, आतून इमानी. स्वतःच्या बुद्धीने फारसा न चालणारा, पण योग्य धनी मिळाल्यास जिवावर उदार होणारा. इंग्रज सेनाधिकाऱ्यांनी आपल्या आयरिश शिपायाचे जे वर्णन केले तेही याच साच्यातले होते. राज्यकर्त्याला उपयोगी पडणाऱ्या डोंगरी माणसासाठी हा साचा जणू तयारच होता.

या वर्णनाला महाराष्ट्रातून जे उत्तर मिळाले ते मोलाचे आहे. जोतीराव फुले यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवरील पवाडा प्रसिद्ध करून शिवकालाच्या केंद्रस्थानी शेतकऱ्याला आणले. १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांचे सहकारी यांनी पुण्यात चित्रशाळा स्थापन केली व मराठेशाहीतील पुरुषांची चित्रे सामान्य घरांच्या भिंतींवर पोहोचविली. १८९५ नंतर लोकमान्य टिळकांनी चालविलेल्या शिवस्मारकाच्या व शिवोत्सवाच्या चळवळीमुळे या चित्रांना राजकीय अर्थ आला. त्यामुळे मावळ्याच्या प्रतिमेची मालकी हळूहळू ग्रँट डफकडून मराठी समाजाकडे आली. दृष्टिकोण भिन्न असले तरी प्रतिमा आपली आहे, याविषयी मतभेद नव्हता.

या चित्रव्यवहाराचे एक मोठे केंद्र मावळातच होते. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत स्थापन केलेला शिळाछापखाना प्लेगच्या काळात, १८९९ मध्ये, लोणावळ्याजवळच्या मळवली येथे, लोहगड-विसापूरच्या पायथ्याशी हलविण्यात आला. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला, आणि १९७२ च्या आगीपर्यंत तो चालला. देवदेवतांची रंगीत चित्रे ही त्याची ख्याती. शिवाजी महाराजांचे चित्रही त्याच्या मालिकेत होते. त्याबरोबरच कॅलेंडरे आणि मालावरील लेबले अशी व्यापारी छपाईही तेथे होऊ लागली. देवघरातील चित्र आणि दुकानातील लेबल ही एकाच दगडावरून उतरू लागली, ही या छापखान्याची इतिहासदृष्ट्या महत्त्वाची बाजू होय. ज्या प्रतिमेला भिंतीवर हार घातला जाई तिच्याच जातीची प्रतिमा मालाच्या वेष्टनावर खप वाढवू लागली. स्वतः रविवर्म्यांनी १८९३ च्या शिकागो येथील प्रदर्शनासाठी निरनिराळ्या प्रांतांच्या व जातींच्या स्त्रियांची दहा चित्रे पाठविली होती. प्रांत, जात, पोशाख आणि स्वभाव यांचे एकेक ठरीव चित्र असू शकते, ही कल्पना रंगीत छपाईने घरोघरी नेली.

मावळ्याच्या प्रतिमेची किंमत परकी सत्तेलाही कळत होती. १९४५ च्या फेब्रुवारीत लोणावळा येथे शाही हिंदी नौदलाने जे अभियांत्रिकी प्रशिक्षणकेंद्र उघडले त्याला 'शिवाजी' हे नाव देण्यात आले. ज्या नावाचा उत्सव पन्नास वर्षांपूर्वी राजद्रोहाच्या संशयाने पाहिला जात होता तेच नाव भरतीच्या सोयीचे ठरले.

४. कातकरी : नोंदीचा मार्ग

याच डोंगरात राहणाऱ्या कातकऱ्यांच्या वाट्याला चित्र आले नाही. खैराच्या लाकडापासून काथ काढणारे ते कातकरी किंवा काथोडी. घाटाखाली जुन्या ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत त्यांची वस्ती दाट होती. घाटमाथ्यावर लोणावळ्याच्या आसपास आणि मावळातील गावांच्या कडेला त्यांच्या लहान लहान वाड्या आढळतात. बोरघाटातील रेल्वेमार्गाचे काम १८५६ ते १८६३ या काळात चालले आणि १८६१ च्या आरंभी त्यावर बेचाळीस हजारांहून अधिक माणसे राबत होती. या मार्गाने लोणावळा हे गाव नकाशावर आणले. पुढे १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव जंगलांची व्यवस्था लागू झाली आणि खैर तोडून काथ करण्याचा कातकऱ्यांचा परंपरागत धंदा बुडाला. त्यानंतर कोळसा पाडणे, लाकूडतोड, शेतमजुरी आणि अलीकडे वीटभट्टी हेच त्यांचे आधार राहिले. यांपैकी कोळशाच्या आणि विटांच्या धंद्यांत आगाऊ उचल घेऊन कामाला बांधून घेण्याची पद्धत रूढ झाली.

जेम्स कॅम्बेल याच्या संपादकत्वाखाली मुंबई इलाख्याचे गॅझेटियर तयार झाले : ठाण्याचा खंड १८८२ मध्ये, कुलाब्याचा १८८३ मध्ये आणि पुण्याचा तीन भागांत १८८५ मध्ये. या खंडांतील जातींची वर्णने एका ठरावीक क्रमाने येतात. वर्ण, बांधा, घर, अन्न, वस्त्र, आणि मग एका वाक्यात स्वभाव : अमुक जात कष्टाळू व मितव्ययी, तमुक जात स्वच्छ पण खर्चिक, तिसरी गलिच्छ आणि दारूची शौकीन. कुणब्याला पहिल्या प्रकारची विशेषणे मिळाली, कातकऱ्याला शेवटची. शास्त्रीय पाहणीचे रूप असल्यामुळे या विशेषणांना व्यंगचित्राहून अधिक वजन आले. व्यंगचित्राला कोणी हसते, कोणी रागावते. गॅझेटियरमधील वाक्याचा आधार घेतला जातो.

या नोंदीच्या शेजारी त्याच काळाचा आबकारी इतिहास ठेवला म्हणजे तिचा अर्थ उलगडतो. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने दारू गाळण्याचा अधिकार सरकारने आपल्या हाती केंद्रित केला. गावोगावच्या लहान भट्ट्या बंद करून मोठ्या भट्ट्यांत दारू गाळावी, तिच्यावर जबर कर बसवावा आणि विक्रीचा मक्ता मोठ्या मक्तेदारास द्यावा, हे धोरण चार्ल्स प्रिचर्ड या अधिकाऱ्याने नेटाने अमलात आणले. उरण येथील मोहाच्या दारूच्या भट्ट्या हे या व्यवस्थेचे मोठे केंद्र होते. कमीत कमी खप आणि जास्तीत जास्त उत्पन्न असे या धोरणाचे सूत्र सांगण्यात येई. उत्पन्न वाढले, याविषयी वाद नाही.

डोंगरातील माणसाच्या दृष्टीने या कायद्याचा अर्थ निराळा होता. मोहाचे फूल हे केवळ दारूचे साधन नव्हे; टंचाईच्या महिन्यांत ते अन्नही होते. जंगलात वेचलेल्या फुलांपासून घरी गाळलेली दारू सण, लग्न आणि मयत यांच्या विधींत लागत असे. कातकरी पीत नव्हते असा याचा अर्थ नाही. पीत होते, जसे इतर अनेक समाज पीत होते. परंतु १८७८ नंतर घरी गाळणे हा गुन्हा झाला आणि मक्तेदाराच्या दुकानात विकत घेऊन पिणे ही कायदेशीर गोष्ट झाली. १८९२ च्या मोह कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांच्या विक्रीवर आणि ने-आणीवरच निर्बंध घातले. अशा रीतीने एकच सरकार एका खात्यातून या लोकांना दारूबाज म्हणून नोंदवीत होते आणि दुसऱ्या खात्यातून त्यांना दारू विकणाऱ्या मक्त्याचा लिलाव पुकारीत होते. ठरीव प्रतिमा येथे जाहिरातीचे नव्हे, पण धोरणाच्या समर्थनाचे काम करीत होती : हे लोक पिणारच, तेव्हा त्यांच्या पिण्यातून तिजोरी भरली तर बिघडले कोठे?

या युक्तिवादाला शहरातून विरोध झाला. जोतीराव फुले यांनी पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० मध्ये दारूच्या वाढत्या दुकानांविरुद्ध लेखी हरकत घेतली. १९०८ मध्ये पुण्यात दारूच्या दुकानांवर निरोधन झाले आणि टिळकांनी त्या चळवळीचा पुरस्कार केला. १९२१ व १९३० च्या आंदोलनांत हेच शस्त्र देशभर वापरले गेले. या सर्व चळवळींनी सरकारी उत्पन्नाच्या नीतिमत्तेवर बोट ठेवले, हे त्यांचे मोठेपण आहे. परंतु डोंगरी जमाती स्वभावतःच व्यसनी आहेत ही समजूत त्यांनी फारशी तपासली नाही. उलट त्या जमातींना उद्धाराची गरज आहे, असे म्हणताना ती गृहीतच धरली.

५. दारूबंदी आणि लेबल

मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा झाला व १९५० पासून संपूर्ण दारूबंदी अमलात आली. या कायद्याने मद्याची शिफारस करणाऱ्या जाहिरातींना बंदी केली. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात कायद्याचा बराचसा भाग ग्राह्य ठरविला. लष्करी खानावळींना दिलेली सूटही ग्राह्य ठरली. शहरातील सुस्थित माणसाला प्रकृतीच्या कारणास्तव परवाना मिळण्याची सोय होती. डोंगरातील माणसाला तशी सोय असून नसल्यासारखीच. हातभट्टीचा शोध सुरू झाला की संशय प्रथम त्याच्या वाडीवर जाई, कारण जुनी नोंद त्याच्या विरुद्ध साक्ष देण्यास तयार होती.

१९६० नंतरच्या दशकात निर्बंध सैल होत गेले आणि १९७३ च्या नियमांनी देशी दारूचा व्यापार पुन्हा रीतसर झाला. मात्र ही देशी दारू मोहाची नव्हती. ती प्रामुख्याने साखर कारखान्यांच्या मळीपासून केलेल्या मद्यार्काची होती. डोंगरातील फूल गुन्ह्याच्या यादीत राहिले आणि सपाटीवरील उसाची मळी परवान्याच्या यादीत गेली.

जाहिरातीला बंदी असल्यामुळे नाव आणि लेबल हीच जाहिरात ठरली. या लेबलांवर कोणाची चित्रे आली, हे पाहणे उद्बोधक आहे. देशी दारूच्या बाटलीवर संत्र्यासारखी फळे आली. ती पिणारा माणूस आला नाही. इंग्रजी पद्धतीच्या मद्यावर मात्र माणसे आली, आणि ती परकी होती. १९७६ मध्ये बाजारात आलेल्या 'बॅगपायपर' व्हिस्कीवर स्कॉटलंडचा पावा वाजविणारा होता. प्रवरा सहकारी साखर कारखान्याने काढलेल्या 'ड्रम बीटर' या व्हिस्कीच्या लेबलावर स्कॉटिश वेषातील ढोल वाजविणारा शिपाई होता. स्कॉच व्हिस्की असोसिएशनने त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि १९९२ च्या निर्णयसंग्रहात प्रसिद्ध झालेल्या निकालाने कारखान्यास तात्पुरती मनाई झाली. माल स्कॉटलंडचा आहे असा ग्राहकाचा समज होईल, हे त्याचे कारण. अहमदनगर जिल्ह्यातील सहकारी कारखान्याच्या बाटलीवर स्कॉटिश डोंगराळ शिपायाचे चित्र असावे, आणि त्या चित्राच्या वतीने मुंबईच्या न्यायालयात उभे राहणारे कोणी असावे, या दोन्ही गोष्टी सारख्याच अर्थपूर्ण आहेत. समाजाची प्रतिमा ही मालमत्ता असते; ती सांभाळावयास संघटना आणि वकील लागतात.

६. हरकतीचा अधिकार

मावळ्याच्या प्रतिमेला पुढे असेच रक्षक लाभले. छत्रपतींच्या घराण्यातील नावे व्यसनाच्या मालाला देण्याविरुद्ध महाराष्ट्रात वेळोवेळी आवाज उठला. पुण्याच्या साबळे वाघिरे कंपनीची 'संभाजी बिडी' अनेक वर्षे खपत होती. आंदोलनानंतर २०२१ मध्ये कंपनीने हे नाव सोडून 'साबळे बिडी' हे नाव घेतले. २०२२ च्या जून महिन्यात महाराष्ट्र शासनाने मद्याच्या दुकानांना आणि मद्यगृहांना थोर पुरुषांची व गडकिल्ल्यांची नावे देण्यास मनाई केली. लोहगड-राजमाचीच्या मुलखात, जेथे द्रुतगती मार्गाने येणाऱ्या सहलीच्या गर्दीबरोबर मद्याचा व्यापार फोफावला, तेथे या आदेशाचे महत्त्व सहज ध्यानात येते. आयरिश वीणेला जे साधले नाही ते येथे काही अंशी साधले. नाव बाटलीपासून अलग करता आले.

कातकऱ्याच्या बाबतीत असे काही करता येत नाही, कारण अलग करण्यासारखे लेबलच नाही. महाराष्ट्रात अतिमागास म्हणून विशेष दर्जा असलेल्या तीन आदिवासी जमातींपैकी कातकरी ही एक आहे. रायगड व ठाणे जिल्ह्यांतील त्यांच्या अनेक वाड्या इतरांच्या नावावरील जमिनींवर वसलेल्या आहेत. डोंगरातील जमिनींना बंगल्यांची व विश्रामगृहांची किंमत येऊ लागली तसतशी या वाड्यांखालची जमीन सरकू लागली. अशा वेळी हे लोक पैसा दारूत घालवतात, यांना जमीन देऊन काय उपयोग, हे वाक्य आजही ऐकावयास मिळते. मजुरीच्या वादात, कर्जाच्या अर्जावर, पोलिसाच्या तपासात तेच वाक्य उपयोगी पडते. नास्टच्या चित्रातील बाटलीने जे काम केले तेच हे वाक्य करते. मागणीचा विचार करण्याची गरज ते नाहीशी करते.

२०२१ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी बिडीवरील नाव बदलले त्याच वर्षी, महाराष्ट्र शासनाने मोहाची फुले गोळा करण्यावरील व त्यांच्या ने-आणीवरील जुने निर्बंध सैल केले. पहिल्या घटनेची चर्चा गावोगाव झाली. दुसरीची आदिवासी भागाबाहेर फारशी झाली नाही. वस्तुतः १८९२ पासून चालत आलेल्या दृष्टीचा तो एका परीने शेवट होता : फूल वेचणारा माणूस हा गुन्हेगार असलाच पाहिजे, हे गृहीत शासनाने सोडले. फूल मोकळे झाले. ते वेचणाऱ्याविषयीची नोंद मात्र तशीच राहिली. १८८२ ते १८८५ चे गॅझेटियर खंड पुढे शासनाने पुनर्मुद्रित केले, आणि त्यांतील विशेषणे शालेय पुस्तिकांत, प्रबंधांत आणि भाषणांत मूळ संदर्भ न सांगता उतरत गेली.

येथे इतिहासलेखनाची जबाबदारी येते. बाटलीवरील चित्र आक्षेपार्ह असेल तर ते दिसते आणि त्याला हरकत घेता येते. दप्तरातील नोंद दिसत नाही. ती ज्ञान म्हणून वावरते. आयरिश उदाहरणातून साधारणतः व्यापार समाजाची विटंबना करतो एवढाच निष्कर्ष काढला जातो. मावळचा इतिहास त्यात एक महत्त्वाची भर घालतो. ज्या समाजाची प्रतिमा विकण्याजोगी असते त्याला निदान ती परत मागता येते. ज्याची प्रतिमा विकली जात नाही, केवळ वापरली जाते, त्याच्या हाती परत मागण्यासारखे काही नसते. म्हणून गॅझेटियरमधील जातिस्वभावाचे प्रत्येक वाक्य उद्धृत करताना त्याच्या शेजारी त्या वर्षाचा आबकारी लिलाव, त्या वर्षाचा जंगल कायदा आणि त्या वर्षाची मजुरीची पद्धत मांडणे अवश्य आहे. तसे केले असता कातकऱ्याच्या दारूविषयीचे ते वाक्य कातकऱ्याविषयी थोडे आणि ते लिहिणाऱ्या राज्याविषयी पुष्कळ सांगते, असे दिसून येईल.